चीनहून स्टीलचे क्लॅम्प मागवले, पहिला लॉट एका पावसात डागाळला. दुसऱ्या ऑर्डरआधी काय काय बघू?

म्हापशाचा_हार्डवेअरवाला

नमस्कार मंडळी. म्हापशात आमचं हार्डवेअरचं दुकान, वडिलांपासूनचं. गेल्या वर्षी काचेच्या रेलिंगचे क्लॅम्प आणि स्पिगॉट (काच उभी धरणारे खालचे खुंट) चीनहून मागवले, ग्वांगडोंगकडची पार्टी, ऑनलाइनच सापडली. सॅम्पल आलं ते एकदम फर्स्ट क्लास, मिरर पॉलिश, वर लेझरने 316, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणारा स्टेनलेसचा ग्रेड, कोरलेलं. मग हजार नगांची ऑर्डर टाकली, 30 टक्के अ‍ॅडव्हान्स आणि 70 टक्के माल चढायच्या आधी. आलेला माल दिसायला सॅम्पलसारखाच. कांदोळीच्या एका हॉटेलवाल्याने नेला, शिवोलीच्या व्हिलांवर लागला. जून-जुलै सरला आणि फोन सुरू, तपकिरी ओघळ आलेत म्हणून, आणि स्क्रूच्या भोवती तर सरळ गंज.

सप्लायरला फोटो पाठवले तर म्हणतो तुमच्याकडचा समुद्र फार खारट आहे आणि तुम्ही नीट पुसत नसाल. अरे समुद्र खारट असतोच ना, म्हणून तर 316 मागितलं!

आता सीझन तोंडावर आलाय, गिऱ्हाइकं विचारतायत, परत मागवायचंच आहे. तोच सप्लायर ठेवू की बदलू? ते थर्ड पार्टी इन्स्पेक्शन करून घेतात ते खरंच उपयोगाचं की नुसता खर्च? आणि त्या माणसाशी बोलायचं कसं, जरा आवाज चढवून लिहिलं की दोन-दोन दिवस उत्तर नाही. जाणकारांनी सांगा.

फोंड्याचा_भाटकार

राजकोटला जा. धागा संपला.

म्हापशाचा_हार्डवेअरवाला

भाटकार, राजकोटला विचारून झालंय हो. बिजागऱ्या, हँडल, टॉवर बोल्ट मी तिथूनच घेतो, पितळेचं जामनगरहून. पण मला हवा तो चौकोनी स्पिगॉट, तो साचा त्यांच्याकडे नव्हता, नवा बनवायचा तर साच्याचे पैसे वेगळे आणि नग पण जास्त घ्यायला लागत होते. नाहीतर कोणाला हौस आहे न्हावा शेवाच्या फेऱ्या मारायची.

वेर्णा_क्यूसी

मी वेर्ण्याला एका कंपनीत क्वालिटीला आहे, स्टीलचेच बारीक पार्ट असतात आमचे, म्हणून लिहितो. सप्लायरशी भांडायच्या आधी एक काम कर, तुझ्याकडे उरलेले नग असतीलच, त्यातले चार-पाच काढ आणि ते खरंच 316 आहेत का ते बघ. तोपर्यंत तू पण अंदाजावर बोलतोयस आणि तो पण.

लेझरने कोरलेल्या 316 ला काडीची किंमत नाही, ते मशीन काय सांगशील ते कोरतं. लोहचुंबक लावून बघू नको. 201 या स्वस्त स्टेनलेसला पण चुंबक फारसं चिकटत नाही, आणि उलट ओतीव 316 मध्ये थोडं फेराइट असतं म्हणून चांगल्या मालाला ते किंचित चिकटू शकतं, म्हणजे दोन्हीकडून फसशील. फरक धातूच्या आत आहे. नेहमीच्या 304 ग्रेडमध्ये निकेल साधारण 8 ते 10.5 टक्के. 201 मध्ये ते 3.5 ते 5.5 वर आणतात आणि त्या जागी मँगेनीज घालतात, 5.5 ते 7.5 टक्के, कारण ते स्वस्त. 316 मध्ये वर 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत तग धरायला तेच लागतं. डोळ्यांनी तिन्ही सारखीच दिसतात, पॉलिश केल्यावर तर मला पण ओळखता येणार नाहीत.

मँगेनीजची थेंबवाली टेस्ट किट मिळते, थेंब टाकून नऊ व्होल्टची बॅटरी लावली की 201 वर थेंब लाल होतो. मॉलिब्डेनमची वेगळी मिळते. खात्रीचं हवं असेल तर बेळगावला जा, तिथे फाउंड्र्या आहेत, लॅबमध्ये स्पेक्ट्रो, म्हणजे धातूत काय किती आहे ती टेस्ट, करून मिळेल. किंवा कुणाकडे एक्सआरएफ गन (एक्स-रेने धातू ओळखणारं हातातलं यंत्र) असेल तर काही सेकंदात आकडे येतात. आणि हे महत्त्वाचं, बॉडी वेगळी तपास आणि आतला ग्रब स्क्रू, अ‍ॅलन बोल्ट वेगळा तपास. माझी पैज आहे, बॉडी बरी निघेल आणि स्क्रू भलताच निघेल. बॉडी तो स्वतः ओततो, स्क्रू बाजारातून किलोवर घेतो.

अजून एक, तुला आवडणार नाही. सप्लायर अगदीच खोटं बोलत नाहीये. अस्सल 316 वर पण किनाऱ्याला डाग येतात, जर पृष्ठभाग खरखरीत असेल आणि गोड्या पाण्याने कधी धुतलंच नाही तर. पत्र्याखाली असलेली रेलिंग, जिथे पाऊस लागत नाही पण खारं वारं लागतं, तिथे सगळ्यात जास्त. गिऱ्हाइकाला विचार डाग कुठे जास्त आहेत, उघड्यावर की आडोशाला.

म्हापशाचा_हार्डवेअरवाला

आडोशाला!! तुम्ही बघून आलात की काय. हॉटेलवाल्याच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत जास्त, टेरेसवर कमी.

कळंगुट_शॅक

आमच्या शॅकच्या खुर्च्यांचं पण हेच, त्या मी बाबा गाड्यावरून घेतल्या 😄 वाचतोय, चालू द्या.

वास्को_कागदपत्रं

मी क्लिअरिंगच्या लायनीत. क्वालिटीचं मला कळत नाही पण लोक कागद शेवटी बघतात आणि मग माल बंदरात पडून डिटेन्शन (कंटेनर जास्त दिवस अडकल्याचे पैसे) भरत बसतात म्हणून चार गोष्टी.

ऑर्डरच्या आधी एचएसएन कोड (मालाच्या वर्गाचा नंबर) पक्का कर आणि तो माल कुठल्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरमध्ये, म्हणजे सक्तीच्या मार्काच्या सरकारी आदेशात, येतो का ते बीआयएसच्या साईटवर बघ. ही यादी गेल्या काही वर्षांत भराभर वाढलीय आणि लागू व्हायच्या तारखा मागेपुढे होतात, त्यामुळे मागच्या वेळी सुटला म्हणजे आताही सुटेल असं धरू नको. ऑर्डर लागू असेल तर परदेशी कारखान्याकडेच बीआयएसचं लायसन लागतं, इम्पोर्टर इथे बसून ते काढू शकत नाही. खेळण्यांचं तसंच झालं, 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्कशिवाय खेळणी येईनाशी झाली आणि लोकांचे कंटेनर अडकले.

ड्युटीचा हिशोब भावात धर. समजा माल, भाडं, विमा मिळून 100 रुपये आणि बेसिक ड्युटी 10 टक्के, तर 10 रुपये, त्यावर सोशल वेल्फेअर सरचार्ज 10 टक्के म्हणजे 1 रुपया, झाले 111, त्यावर 18 टक्के आयजीएसटी 19.98. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं पण पैसे आधी तुझ्या खिशातून जातात. बेसिकचा दर हेडिंगवर, तो आपला बघून घे.

एलसीएलमध्ये (दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये) चिनी पार्टी म्हणते भाडं जवळजवळ फुकट, सीआयएफ (भाडं-विमा त्यांच्याकडून) घ्या. घेऊ नको. ते भाडं न्हावा शेवाला सीएफएसच्या (कंटेनरच्या गोदामाच्या) बिलात वसूल करतात. एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतच त्यांचं) घे, फॉरवर्डर आपला ठेव. मुरगावला कंटेनरचं काम थोडंच, आपलं बंदर मुळात खनिज आणि कोळशाचं, त्यामुळे गोव्याचा बहुतेक माल न्हावा शेवाहून रस्त्यानेच येतो, तो खर्च वेगळा.

लाकडी पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम 15 चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का बघ. दुकानात डब्यातून विकणार असशील तर डब्यावर इम्पोर्टरचं नाव-पत्ता, कुठल्या देशाचा, महिना-वर्ष, एमआरपी हे सगळं क्लिअरन्सच्या आधी लागलेलं पाहिजे, त्यामुळे स्टिकर कारखान्यातच लावून घे. आणि आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या साईटवर अपडेट करायचा असतो, काही बदल नसला तरी. हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं.

काणकोणचो_बाप्पा

इन्स्पेक्शन बिन्स्पेक्शन सगळं थोतांड. मी फर्निचरचं करत होतो, इन्स्पेक्टर जातो, कारखानदार त्याला जेवायला नेतो, लाल पाकीट देतो, रिपोर्ट पास. वर दिवसाचे 200-300 डॉलर आपल्याच खिशातून. त्यापेक्षा तिकीट काढा आणि स्वतः जा. आता थेट विमानं परत सुरू झालीत, ऑक्टोबर 2025 मध्ये कोलकाता-ग्वांगझाऊ चालू झालं.

शिवोलीची_बरणी

बाप्पा, तुमचं पटत नाही. पाकीट घेणारे असतात, नाही असं नाही, पण म्हणून तपासणीच नको म्हणजे काय. मी व्हिएतनामहून सिरॅमिक आणते, बाट चांगच्या बाजूचं, हॉटेलांना प्लेट-बाऊल देते. माझा अनुभव असा की इन्स्पेक्टरला नुसतं "क्वालिटी चेक कर" म्हटलं तर तो खोकी मोजून, चार फोटो काढून येतो आणि रिपोर्टवर लिहितो ठीक आहे. त्याचीही चूक नाही, त्याला प्लेटमधलं काय कळणार. मी चेकलिस्ट देते. ग्लेझमध्ये टाचणीच्या टोकाएवढे खड्डे किती चालतील, खालची कडा हाताला लागते का, दहा प्लेट एकावर एक रचल्या तर हलतात का, वजन किती ते किती. प्रत्येक ओळीला आकडा किंवा हो-नाही. आणि फोटो कुठल्या अँगलने हवा ते सुद्धा. मग पाकीट घेतलं तरी त्याला खोटे आकडे लिहावे लागतात, फोटोसकट, आणि ते इतकं सोपं नसतं.

खोकी इन्स्पेक्टरने स्वतः निवडायची, कारखान्याने पुढे काढून ठेवलेली नाही. हे बुकिंग करतानाच लिहून द्यायचं. आणि माल सगळा तयार, त्यातला निदान 80 टक्के पॅक झाल्याशिवाय जायचंच नाही, नाहीतर तो तपासतो चांगला ढीग आणि उरलेला नंतर बनतो.

शिसं-कॅडमियमची टेस्ट मी वेगळी लॅबमध्ये करते, ती इन्स्पेक्टरच्या हातातली नाही. तुमचं स्टील तसंच की, धातूचं काम लॅबचं.

म्हापशाचा_हार्डवेअरवाला

ताई, 1000 नगांतले किती तपासतात मग? सगळे?

शिवोलीची_बरणी

नाही हो. एक्यूएलचं टेबल असतं, लॉटमधले किती तपासायचे आणि किती खराब निघाले तर चालतील त्याचं. वेर्णाबाब नीट सांगतील, मी आपली टेबल बघून सांगते.

वेर्णा_क्यूसी

आयएसओ 2859-1. जनरल लेव्हल दोन धरली तर 501 ते 1200 नगांच्या लॉटमधून 80 उचलायचे. मेजर दोषाला 2.5 घेतलं तर 5 पर्यंत पास, सहावा सापडला की लॉट फेल. मायनरला 4.0, तिथे 7 पास आठव्याला फेल. क्रिटिकल शून्य, एक जरी सापडला तरी फेल. बहुतेक आयात करणारे हेच आकडे वापरतात.

यात लोक दोन ठिकाणी घसरतात. एक, 2.5 म्हणजे अडीच टक्के खराब माल फुकट खपवायचा परवाना असं कारखाना समजतो. तसं नाहीये, आणि सापडलेले खराब नग बदलून द्यायचे हे पण ऑर्डरमध्ये लिहायचं. दुसरं, कुठला दोष मेजर आणि कुठला मायनर हे तूच ठरवायचं असतं. ओरखडा मेजर की मायनर? काचेच्या बाजूला असेल तर मायनर, कारण रबर झाकतं. समोर असेल आणि हातभर अंतरावरून दिसत असेल तर मेजर. असं लिही. ग्लास पकडायच्या खाचेचं माप चुकलं तर ते क्रिटिकलच, काच पडून कुणाला लागली तर तुझं काय होईल.

आणि धातूला एक्यूएल लावू नको. ओरखडा एखाद्या नगाला असतो, धातू चुकला तर अख्खी हीट, म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेला सगळा माल, चुकलेली असते. प्रत्येक हीटमधला एक नग आणि स्क्रूच्या प्रत्येक खोक्यातला एक, असा उचलून गनने तपासायचा. गन घेऊन येणारा माणूस मागता येतो, थोडे पैसे जास्त लागतात.

काणकोणचो_बाप्पा

हे सगळं जर्मन लोकांना शोभतं. 1000 क्लॅम्पच्या ऑर्डरीत मार्जिन किती आणि खर्च किती, हिशोब मांडा कोणीतरी.

म्हापशाचा_हार्डवेअरवाला

बाप्पा खरं सांगू का, कांदोळीवाल्याचे क्लॅम्प बदलून द्यायला काच उतरवायची, मजूर, परत सिलिकॉन... इन्स्पेक्शनला दिवसाचे सांगतायत त्याच्या कितीतरी पट तिथे गेले. हिशोब मांडायला पण नको वाटतं.

हणजूण_निवांत

ऑफ टॉपिक, पण चवथीच्या माटोळीला लावायच्या एलईडी माळा कोणी मागवतं का? त्याला पण बीआयएस लागतं का हो वास्कोबाब?

वास्को_कागदपत्रं

एलईडीचे बरेच प्रकार आणि अ‍ॅडॅप्टर सक्तीच्या रजिस्ट्रेशनमध्ये येतात, ते सीआरएस, आयएसआयपेक्षा वेगळं. ब्लूटूथ-बिथ असेल तर डब्ल्यूपीसीचं (वायरलेसच्या परवानगीचं) पण बघावं लागतं. वेगळा धागा काढ, इथे म्हापशेकराचे क्लॅम्प राहतील बाजूला.

वेर्णा_क्यूसी

सप्लायरशी बोलायचं कसं हे राहिलंच. मी दुसऱ्या बाजूने सांगतो, कारण आम्ही स्वतः कुणाचेतरी परदेशातले सप्लायर आहोत. आमचा बायर युरोपातला. तुझा चिनी माणूस जिथे बसलाय तिथे मी रोज बसतो, फक्त वेर्ण्याला.

आमच्याकडे दोन तऱ्हेचे बायर असतात. एक भाव पाडणारा, ड्रॉइंग अर्धवट, बदल व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर, पैसे महिनाभर उशिरा, आणि काही बिनसलं की पहिल्याच मेलमध्ये "तुम्ही फसवलं". दुसऱ्याचा भाव पण काही ग्रेट नसतो. पण त्याचं ड्रॉइंग पक्कं, बदल झाला की नवा रिव्हिजन नंबर, ऑर्डरचा अंदाज तीन महिने आधी, पैसे ठरल्या दिवशी. शुक्रवारी संध्याकाळी मशीनवर एकच जॉब लागू शकतो आणि चांगला ऑपरेटर एकच हजर आहे, तर कोणाचा लागेल सांग. मुद्दाम वाईट कोणी करत नाही. पण पहिल्या बायरचा माल नव्या पोराच्या हातात जातो, हे मी डोळ्यांनी बघतो. चीनमध्ये काही वेगळं होत असेल असं मला वाटत नाही.

आणि खराब माल निघाला तर तो दुसरा बायर काय लिहितो बघ. "लॉट नंबर अमुक, 80 पैकी 9 नगांत खाचेचं माप 12.4, ड्रॉइंगवर 12.0 अधिक-उणे 0.2, फोटो व्हर्नियरसकट जोडलेत. पुढच्या आठवड्यापर्यंत कारण कळवा आणि ते परत होऊ नये म्हणून काय करणार ते कळवा." शिवी नाही, रडगाणं नाही. असा मेल आला की आमच्या साहेबांना झोप लागत नाही, कारण त्याला उडवून लावताच येत नाही. "तुमचा माल भिकार आहे" याला उत्तर द्यायला एक मिनिट लागतं, "तुमचा समुद्र खारट आहे".

ऑडिटचं पण सांगतो, बाप्पा स्वतः जा म्हणाले म्हणून. बायर येणार म्हटलं की आमच्याकडे फरशी पुसली जाते, राहिलेली रजिस्टरं भरली जातात, सगळ्यांना नवे एप्रन. नवा ऑडिटर रजिस्टर चाळून खूश होऊन, फिश थाळी जेवून जातो. जुना मुरलेला असतो तो सरळ रिजेक्टच्या डब्याकडे जातो. डबा रिकामा असेल तर त्याला संशय येतो, कारण शून्य रिजेक्ट कुठल्याच कारखान्यात नसतं, म्हणजे एकतर मोजत नाहीत किंवा तो माल पण पॅक होतोय. मग तो कच्च्या मालाच्या स्टोअरमध्ये जातो. तू जाशील किंवा व्हिडिओ कॉल लावशील तर तिथेच बघ, 201 आणि 316 चा माल वेगळा ठेवलाय का, त्यावर हीट नंबर आहे का, की एकाच कोपऱ्यात ढीग आहे. ओतीव काम असेल तर विचार, आज सकाळच्या हीटची स्पेक्ट्रोची पट्टी दाखव. आत्ता, कॉल चालू असताना. ज्याच्याकडे असते तो दहा मिनिटांत दाखवतो. नसते तो म्हणतो साहेब बाहेर गेलेत, उद्या पाठवतो. मेलवर आलेल्या मिल सर्टिफिकेटला (धातूच्या दाखल्याला) मी किंमत देत नाही, त्यातला आकडा बदलायला शाळेतलं पोर पुरतं.

पॉलिश कोण करतं हे पण विचार. बरेच जण पॉलिश बाहेरून करून घेतात, आणि तिथल्या चाकावर आधी साधं लोखंड घासलेलं असेल तर त्याचे कण तुझ्या 316 मध्ये रुततात आणि तेच आधी गंजतात. म्हणून शेवटी पॅसिव्हेशन, अ‍ॅसिडचा वॉश, तो ऑर्डरमध्ये लिही.

काणकोणचो_बाप्पा

रिजेक्टच्या डब्याचं मान्य. हे मी पण कधी बघितलं नव्हतं.

शिवोलीची_बरणी

वेर्णाबाब 👏 यात माझी थोडी भर. आमच्याकडे एकदा बाऊलांच्या रंगात फरक आला, अर्धी खोकी हिरवट, अर्धी निळसर. मी भांडले नाही, दोन्ही शेजारी ठेवून उन्हात फोटो काढले, खोक्यांचे नंबर लिहिले आणि विचारलं की ही दोन वेगळ्या भट्टीतली आहेत का. तिथल्या सप्लायर बाईने वही बघून सांगितलं हो, दुसरी भट्टी नवीन होती. आता माझ्या ऑर्डरवर लिहिलेलं असतं, सगळा माल एकाच भट्टीतला. त्या लॉटची भरपाई तिने पुढच्या ऑर्डरमध्ये जादा नग देऊन केली, रोख मागितले असते तर बहुतेक मिळाले नसते. त्यांना पैसे परत पाठवणं जिवावर येतं, माल जादा द्यायला ते तयार होतात. पण ही भरपाई पुढची ऑर्डर असेल तरच, हे लक्षात ठेवायचं.

आणि पैशाच्या बाबतीत डोळ्यांत तेल घाला. मेल येतो, आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळी या नव्या खात्यात पाठवा. मेल आयडी तोच दिसतो, एक अक्षर इकडचं तिकडे असतं, किंवा त्यांचाच मेल हॅक झालेला असतो. जुन्या नंबरवर व्हिडिओ कॉल करून, चेहरा बघून विचारल्याशिवाय बँकेत जायचं नाही. खातं कंपनीच्या नावाचंच हवं, माणसाच्या नावाचं नको.

म्हापशाचा_हार्डवेअरवाला

बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवरच होतं, त्याच्या सोयीने, कधी असतो कधी नसतो.

शिवोलीची_बरणी

चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप व्हीपीएनशिवाय चालत नाही आणि त्यांचं वीचॅट आपल्याकडे 2020 च्या जूनमध्ये बंद झालं, म्हणून हा घोळ. दोन दिवस उत्तर नाही म्हणजे रागावलाच असेल असं नाही. पक्कं जे काय ते मेलवर, व्हॉट्सअ‍ॅप फक्त फोटोला.

म्हापशाचा_हार्डवेअरवाला

मंडळी, बेळगावला जाऊन आलो. वेर्णाबाब, तुम्ही पैज जिंकलात, अर्धी. स्क्रू 201 सारखे आले, मँगेनीज भरपूर. पण बॉडी पण 316 नाही, 304 आहे, मॉलिब्डेनम जवळपास नाहीच. सॅम्पलचा नग मात्र खरा 316. रिपोर्ट सप्लायरला मेल केला, तुम्ही सांगितलं तसाच, एक शब्द जास्त नाही. या वेळी त्याच दिवशी उत्तर! म्हणतो फाउंड्रीने चूक केली, पुढच्या ऑर्डरमध्ये स्क्रू फुकट बदलून देतो आणि बॉडीवर सूट देतो. म्हणजे तो स्वतः कारखानदार नाहीच बहुतेक, ट्रेडर आहे. आता काय करू?

वेर्णा_क्यूसी

ट्रेडर असणं हा गुन्हा नाही, 1000 नगांना मोठा कारखाना दारात पण उभं करत नाही. फक्त त्याने ओतकाम कुठे होतं ते दाखवायला हवं. बिझनेस लायसन मागव, त्यावर 18 आकडी-अक्षरी क्रेडिट कोड असतो आणि धंद्याचा प्रकार लिहिलेला असतो, बँक खात्याचं नाव आणि ते नाव जुळायला हवं.

आणि त्याला एक साधा प्रश्न टाक, याच ड्रॉइंगचा भाव 201, 304 आणि 316 मध्ये वेगवेगळा दे. निकेल आणि मॉलिब्डेनम महाग आहे, त्यामुळे 316 चा भाव चांगला वर दिसला पाहिजे. तिन्ही जवळजवळ सारखे आले तर समज की माल एकच आहे, फक्त कोरणं वेगळं. मागच्या वेळी भाव किती पाडला होतास?

म्हापशाचा_हार्डवेअरवाला

धंदा आहे हो, पाडला तेवढा पाडला 😅

वेर्णा_क्यूसी

तेच तर. त्याने नाही म्हटलं नाही, मॉलिब्डेनम काढलं.

वास्को_कागदपत्रं

तारखा पण बघ. 1 ते 7 ऑक्टोबर त्यांची सुट्टी. मग 2027 चं त्यांचं नववर्ष 6 फेब्रुवारीला, त्याच्या आधी एक-दोन आठवडे आणि नंतर निदान दोन आठवडे कारखाना धरू नको, कामगार गावी जातात आणि काही परत येतच नाहीत, नवी माणसं येतात. जानेवारीच्या शेवटच्या घाईतला माल सगळ्यात वाईट असतो. माल बनायला 30-45 दिवस, समुद्रात दोन-तीन आठवडे, वाटेत जहाज बदललं तर जास्त. ऑक्टोबरच्या गिऱ्हाइकांना तू या ऑर्डरमधून काही देऊ शकत नाहीस, त्यांना राजकोटचं काय मिळतं ते दे.

फोंड्याचा_भाटकार

मी पहिल्यांदाच म्हणालो होतो 😎

म्हापशाचा_हार्डवेअरवाला

भाटकार 🙏 ऑक्टोबरपुरतं तुमचं ऐकतो. बाकी त्याच माणसाला 300 नगांची ऑर्डर देतोय. मेलचा मसुदा असा केलाय, बघा जरा:

बॉडी 316, मॉलिब्डेनम किमान 2 टक्के, स्क्रू आणि वॉशर पण 316. प्रत्येक हीटचा एक नग इन्स्पेक्टर गनने तपासणार, एकही कमी आला तर अख्खा लॉट नापास. पॉलिशनंतर पॅसिव्हेशन. नगाचं वजन मंजूर सॅम्पलच्या अधिक-उणे 3 टक्के. सॅम्पलचे दोन नग सील करून दोघांच्या सहीने, एक त्याच्याकडे एक माझ्याकडे. प्रत्येक नग वेगळ्या पिशवीत, खोक्यात सिलिका जेल. 30 टक्के आता, 70 टक्के इन्स्पेक्शनचा रिपोर्ट पास झाल्यावर. नापास झाला तर दुसऱ्या इन्स्पेक्शनचा खर्च त्याचा.

वेर्णा_क्यूसी

चांगलंय. 300 ला 80 नाही, 50 नग तपासले जातील, 281 ते 500 चा गट, 2.5 ला 3 पास चौथ्याला फेल. पॉलिशचा आकडा टाक, आरए (खरखरीतपणाचं माप) 0.5 मायक्रॉनच्या आत, नाहीतर "मिरर पॉलिश" वर भांडण होईल. सॉल्ट स्प्रे (खाऱ्या फवाऱ्याची गंज टेस्ट) मागायचा असेल तर किती तास ते लिही, 5 टक्के मिठाचं पाणी आणि 35 डिग्री हे ठरलेलंच असतं, पण त्यात पास झाला म्हणून कांदोळीत डाग येणार नाही असं नाही, ती फक्त दोन लॉट तुलना करायला बरी. आणि सील केलेले दोन नग नको, तीन कर. तिसरा इन्स्पेक्टरसाठी, नाहीतर तो कारखान्याने दिलेल्या नगाशीच ताडून बघेल.

शिवोलीची_बरणी

आणि गिऱ्हाइकाला क्लॅम्पबरोबर एक चिठ्ठी द्या, महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, आडोशाच्या गॅलरीत दर आठवड्याला. आमच्या घरच्या ग्रिलला मी तेच करते.

म्हापशाचा_हार्डवेअरवाला

तीन नग करतो, आरए पण टाकतो. चिठ्ठी मराठी-इंग्रजी दोन्हीत छापून घेतो, हॉटेलवाले वाचतील तर शपथ. मेल आज रात्री जाईल. देव बरें करूं सगळ्यांना.

काणकोणचो_बाप्पा

इन्स्पेक्शनचा रिपोर्ट आला की इथे टाक, नाव खोडून. मला बघायचाय.